‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये दोस्त राज्य कसे टिकवावे

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा संगणकावरचा खेळ; त्यात आपण एक राज्य चालवतो आणि बाकीची बहुतेक संगणक चालवतो. सदाशिव पेठेतल्या एका मित्राच्या घरी आम्ही चौघे दर रविवारी तो घेऊन बसतो. तेथे नव्याने येणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते : करार केला, नजराणे पाठवले, तरी ऐन लढाईच्या वेळी दोस्त आला नाही. नजराण्याने त्या राज्याचे आपल्याविषयीचे मत सुधारते हे खरे. परंतु दोस्त फौज घेऊन येईल की नाही, हे त्याच्या गरजेवर आणि ऐपतीवर ठरते. या लेखात उदाहरणासाठी बहमनी राज्य घेतले आहे. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो आणि त्या वेळी बहमनींच्या भोवती गुजरात, माळवा, खानदेश आणि विजयनगर अशी राज्ये असतात.

आधी दोस्ताची निवड नीट करावी. ज्याचा शत्रू तोच आपला शत्रू आहे, असे राज्य शोधावे. माळव्याशी आपले वैर असेल आणि गुजरातचेही असेल, तर हा करार फारसे न जपताही बराच काळ टिकतो. प्रत्यक्ष इतिहासातही १४६२ मध्ये माळव्याच्या महमूद खलजीने बहमनी मुलखावर स्वारी केली, तेव्हा गुजरातचा महमूद बेगडा बहमनींच्या मदतीला धावला होता. करारापूर्वी त्या राज्याला कोणते प्रांत हवे आहेत, हे नकाशावर पाहून घ्यावे; त्यांत आपले प्रांत असतील, तर आज कितीही गोडीगुलाबी असली तरी तो दोस्त पुढे उलटण्याचीच शक्यता अधिक.

करारांची संख्या आवरती ठेवावी. मूळ मर्यादा चार संबंधांची असते, मांडलिकही त्यातच मोजले जातात आणि मर्यादा ओलांडल्यास दरमहा राजनैतिक गुण, म्हणजे मुत्सद्देगिरीच्या कामांसाठी खर्चायचे गुण, कापले जातात. चार लेचेपेचे दोस्त जमवण्यापेक्षा दोन भक्कम बरे.

त्यानंतर वकील पाठवावा. खेळात त्याला ‘डिप्लोमॅट’ म्हणतात, पण पेशव्यांच्या पुण्यात दरबारोदरबारी राहून खबरा कळवणाऱ्याला वकीलच म्हणत आणि मला तोच शब्द नेमका वाटतो. बहुतेक राज्यांच्या हाताशी सुरुवातीला दोनच वकील असतात. त्यांतला एक संबंध सुधारण्यासाठी मुख्य दोस्ताकडे ठेवावा. या मार्गाने मत १००पर्यंत वाढते, पण वकील माघारी बोलावला की ते हळूहळू ओसरू लागते. दोस्ताचा आपल्यावरच्या विश्वासाचा आकडा मात्र मतापेक्षा वेगळा असतो. तो ५० पासून सुरू होतो आणि आपल्या वागणुकीनुसार वर-खाली होतो.

खरी कसोटी लागते ती दोस्ताला चढाईसाठी हाक देताना. त्यासाठी दोस्तावर साठवलेल्या उपकारांपैकी (खेळात त्यांना ‘फेव्हर्स’ म्हणतात) १० खर्च करावे लागतात किंवा जिंकलेल्या मुलखात वाटा देण्याचे वचन द्यावे लागते. युद्ध पुकारण्याच्या पडद्यावर प्रत्येक दोस्तापुढे हिरवी किंवा लाल खूण दिसते. तिच्यावर बाण नेला की कारणेही वाचता येतात. ती वाचण्याचा कंटाळा हेच आमच्याकडच्या निम्म्या पराभवांचे मूळ आहे. दोस्त कर्जात बुडालेला असेल किंवा दुसऱ्या युद्धात गुंतला असेल, तर वर्ष-दोन वर्षे थांबावे. खजिना परवानगी देत असेल, तर त्याला दरमहा द्रव्यसाहाय्य सुरू करावे. वचन देताना मात्र हात आखडता ठेवावा. माझ्या एका डावात खानदेशचा मुलूख गुजरातला देण्याचे मी कबूल केले आणि तहाच्या वेळी सगळाच स्वतःकडे ठेवला. विश्वास असा घसरला की पुढच्या माळव्याच्या युद्धात मला एकट्यालाच उतरावे लागले.

युद्ध सुरू झाल्यावर दोस्ताचा मुलूख आपलाच समजून राखावा. त्याचे किल्ले पडत गेले आणि प्रजा लढाईला कंटाळली, की शत्रू त्याच्याशी स्वतंत्र तह करून त्याला बाजूला काढतो. नाना फडणवीसांनी १७८० मध्ये हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध फळी उभारली होती. वॉरन हेस्टिंग्जने निजामाला गुंटूर परत देऊन आणि भोसल्यांना पैसा देऊन तीतून फोडले. संगणकाचा शत्रू इतका धूर्त नसतो, पण दुबळा दोस्त हेरण्याचे काम तोही चोख करतो.

दोस्तावर हल्ला होऊन त्याची हाक आली, तर जावेच. नकार दिल्यास करार तुटतो, शिवाय प्रतिष्ठा आणि विश्वासही कमी होतात. मोठी फौज पाठवता येत नसेल, तर निदान शत्रूच्या सीमेवरच्या एखाद्या किल्ल्याला वेढा घालून बसावे. शेवटी तह करताना दोस्ताला हवा असलेला एखादा प्रांत, न मागताही, त्याच्या पदरात टाकावा. आम्ही बहुधा तो आपल्या राजधानीपासून सर्वांत दूरचा निवडतो.