पिकअपचं डिफरन्शियल ऑईल घरच्या घरी कसं बघायचं आणि कसं बदलायचं

इंजिन ऑईल सगळे वेळेवर बदलतात, पण मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल फुगीर भाग असतो, ज्याला गॅरेजवाले डिफ्रन्सल म्हणतात, त्यातलं ऑईल कित्येक गाड्यांना वर्षानुवर्षं कुणी उघडूनही बघत नाही. डॅशबोर्डवर त्याचा दिवा नसतो ना डिपस्टिक, त्यामुळे कमी झालेलं कळतच नाही, आणि मागून हूंऽऽ असा आवाज यायला लागला की तोवर क्राऊन-पिनियनचे, म्हणजे आतल्या दातेरी चाकांच्या जोडीचे, दात खराब व्हायला लागलेले असतात आणि ती जोडीच बदलावी लागते. म्हणून बोलेरो पिकअप, टाटा एस, ४०७ असं काही असेल तर हे काम शिकून घ्याच, सुट्टीच्या दिवशी सकाळी आरामात होतं.

आधी ऑईल. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच आणायचा, बऱ्याच पिकअपला ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० चालतं आणि डब्यावर जीएल-५ (गिअर ऑईलचा दर्जा) लिहिलेलं पाहिजे. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ उरलंय म्हणून इथे ओतू नका, कारण क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, तो दाब त्याला झेपत नाही. किती लिटर लागेल तेही पुस्तकात असतं, थोडं जास्तच आणा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, ऑईल पातळ होतं आणि घाण त्याच्याबरोबर बाहेर येते. मग एकदम सपाट जागेवर उभी करा, हॅन्डब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, चाकांना पुढूनमागून दगड लावा. जॅक लावायची गरज नाही, पिकअप उंच असते, आणि फक्त मागची बाजू उचलली तर लेव्हल चुकीची दिसते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आधी वरचा फिलर प्लग खोला आणि मगच खालचा ड्रेन प्लग. खालून सगळं ऑईल सोडून दिलं आणि वरचा गंजून जाम निघाला तर नवीन ऑईल भरणार कुठून, गाडी जागेवरच अडकली. प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढा, जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडं थांबा, पाना नेमक्या मापाचाच लावा नाहीतर कोपरे गोल होतात.

फक्त लेव्हल बघायची असेल तर फिलरच्या भोकात करंगळी घाला. ऑईल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असेल तर बरोबर, बोट वाकवून खाली न्यावं लागलं तर कमी आहे.

बदलायचंच असेल तर खाली घमेलं ठेवून ड्रेन प्लग खोला आणि जे पडतंय ते नीट बघा, कारण अख्ख्या ॲक्सलची तब्येत इथे कळते. काळपट आणि उग्र वासाचं असेल तर घाबरू नका, जुनं गिअर ऑईल तसंच असतं. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी मऊ पेस्टही चालते, ती पुसून टाका. पण लोखंडाचे तुकडे, दाताची टोकं सापडली तर नवीन ऑईल भरून उपयोग नाही, मेकॅनिककडे न्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की तापलेलं हौसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) एकदम थंड होतं आणि आतली हवा आकसून पाणी ओढून घेते. तेव्हा ॲक्सलवरचा छोटा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) पण साफ करा, तो मातीने बुजला की आत दाब वाढून ऑईल सीलमधून बाहेर येतं.

थेंब थांबले की ड्रेन प्लग नवीन वॉशर टाकून घट्ट बसवा. भरायला हातपंप असेल तर उत्तम, नाहीतर बाटलीला नळी जोडून बाटली उंच धरायची, हळूहळू जातं, घाई करू नका. भोकातून ऑईल बाहेर ओघळायला लागलं की थांबा, जास्तीचं वाहून जाऊ द्या आणि मग प्लग लावा. ठासून जास्त भरायचं नाही, ते सील फोडून ब्रेक लायनरवर जातं आणि ब्रेक लागत नाहीत.

जुनं ऑईल गटारात किंवा बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजमध्ये जळकं ऑईल जमा करतात तिथे द्या.

एक चक्कर मारून दोन्ही प्लगला हात लावून बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा बघा, आणि मीटरचा आकडा डायरीत लिहून ठेवा.