गुलाबी कॉलनी उचलण्यापूर्वी

परळच्या प्रयोगशाळेत, पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, मी उंदरांच्या विष्ठेतून कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करणारे ई. कोलाय (आतड्यात राहणारे जीवाणू) शोधत होते. डीएनएला इजा करणारे हे विष बनवणारा पीकेएस जनुकसमूह २००६ साली प्रथम वर्णिला गेला आणि तो सुमारे ५४ हजार बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) आहे, हे तुम्ही वाचलेले असेलच. म्हणून थेट माझ्या चुकीकडे येते.

मॅकॉन्की अगार या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावरील एक ठसठशीत, ओलसर गुलाबी कॉलनी (जीवाणूंचा ठिपका) मी उचलली, पीकेएस समूहातल्या सीएलबीबी जनुकाचा पीसीआर (ते जनुक आहे का, हे पाहणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला आणि डीएनए सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरक्रम वाचायला, गेला. ‘एकदा स्ट्रीक केलेले (सुट्या कॉलन्या मिळाव्यात म्हणून प्लेटवर रेघा ओढून पसरलेले) पुरते’ हा एका सीनिअरचा सल्ला मी निमूटपणे मानला होता. वाचलेल्या तुकड्यांची जुळणी होऊन आलेला जीनोम (सगळा डीएनए) एक कोटी बेसजोड्यांच्या पुढे गेला, आणि ई. कोलायचा तर साधारण ५० लाखांचा असतो. त्या कॉलनीत क्लेब्सिएला हा दुसरा जीवाणूही होता. ई. कोलायसारखाच तोही लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवतो, म्हणून या माध्यमावर गुलाबीच दिसतो. त्याच्या चिकट आवरणात दुसऱ्या जीवाणूच्या पेशी सहज दडून राहतात. आणि पीकेएस समूह काही क्लेब्सिएलांमध्येही असतो, हे मला सर्वांत महागात पडले. दोघांना वेगळे केल्यावर तो समूह क्लेब्सिएलात निघाला आणि ई. कोलाय त्याविना. चार महिने वाया गेले. नॅनोड्रॉप या डीएनए मोजण्याच्या यंत्रावरचा १.८ हा शुद्धतेचा आकडा डीएनएत प्रथिने फारशी नाहीत एवढेच सांगतो. तो डीएनए एकाच जीवाणूचा आहे, हे सांगत नाही.

म्हणून तीनदा स्ट्रीक करा, दर वेळी विरळ टोकाची सुटी कॉलनी घ्या, आणि ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपायचा नमुना) केल्यावर त्यातूनच पुन्हा पीसीआर करा. प्लेट कशी वाचायची, हे मला माझ्या पीएच.डी. गाईडपेक्षा आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या तंत्रज्ञ काकांनी अधिक शिकवले. अशा माणसाशेजारी आठवडाभर बसणे कोणत्याही तयार सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

छोट्या रीड्समध्ये (सिक्वेन्सिंगने वाचलेल्या लहान तुकड्यांत) हा पीकेएस समूह तुकड्यातुकड्यांत आला तर मात्र घाबरू नका. त्यातील मोठ्या जनुकांत सारखे भाग पुन्हा पुन्हा येतात, म्हणून जुळणी तिथेच तुटते. लांब तुकडे वाचणाऱ्या लाँग-रीड सिक्वेन्सिंगने ती बहुधा सांधली जाते. तरीही केवळ जनुके सापडली म्हणून ‘विष तयार होते’ असे लिहू नका. आधी तो जीवाणू हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशींवर) घालून त्या पेशी फुगतात का, ते पाहा.