पॅरामिशियममधील जीवाणू प्लॅनेरियात गेले? या चुका टाळा

दरवर्षी प्रकल्पांच्या मुदती जवळ आल्या की नाशिकमधील कोणी ना कोणी पदव्युत्तर विद्यार्थी फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शीचे (ज्यात चमकणारे भाग दिसतात) छायाचित्र घेऊन माझ्याकडे येतो आणि पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या आत राहणारे, म्हणजे अंतःसहजीवी, जीवाणू प्लॅनेरिया या चपट्या कृमीत गेल्याचे जाहीर करतो. विषय उत्तमच आहे. ट्रायकोरिकेट्सिया मोबिलिस हा रिकेट्सियांच्या गोतावळ्यातील जीवाणू पॅरामिशियममधून ड्युगेसिया जॅपोनिका या प्लॅनेरियाच्या जातीत जाऊ शकतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. मात्र ते संक्रमण तात्पुरते होते, आणि नेमका हाच शब्द वाचताना गाळला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खाल्लेला जीवाणू आणि वस्तीला आलेला जीवाणू यांत भेद न करणे. प्लॅनेरियाने पॅरामिशियम गिळले की त्यातील जीवाणू आतड्यात पोहोचणारच. त्याला संक्रमण म्हणायचे तर आपण खाल्लेल्या दह्यालाही म्हणावे लागेल. एका विद्यार्थ्याने मला आतड्यात चमकणारे शेकडो ठिपके दाखवले होते आणि सादरीकरणाची तारीखही ठरवून टाकली होती. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, सहजीवीरहित पॅरामिशियम दिलेले कृमी कुठे आहेत, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, वेळच नव्हता." वेळ काढून ते केले, तर तिथेही तसेच ठिपके! चौकशीअंती कळले की प्रयोगाच्या आदल्याच दिवशी त्याने कृमींना कोंबडीची कलेजी भरवली होती, आणि पॅरामिशियमही त्यांचे खाद्य असलेल्या जीवाणूंसकट, न धुता, थेट ओतले होते. काही चमक अन्नाची स्वतःची होती, काही त्या खाद्यजीवाणूंची. तेव्हापासून मी कृमींना निदान आठवडाभर उपाशी ठेवतो, पॅरामिशियम तीनदा धुऊन घेतो, सर्व जीवाणूंना चिकटणाऱ्या प्रोबसोबत (प्रोब म्हणजे जीवाणूला चिकटून चमकणारी खूण) त्या विशिष्ट जीवाणूचा प्रोब आणि कशालाच न चिकटणारा प्रोबही वापरतो, आणि काचपट्ट्यांवरील खुणा चिकटपट्टीने झाकून मोजणी दुसऱ्याकडून करून घेतो. शेवटची सवय विद्यार्थ्यांना अपमानास्पद वाटते, वाटू द्यावी. जीवाणू आतड्याच्या पोकळीत नव्हे तर पेशींच्या आत दिसला, आणि खाणे थांबवून काही दिवस उलटल्यावरही दिसला, तरच पुढे बोलावे.

पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत पट्टी दिसली म्हणजे जीवाणू जिवंत आहे असे नव्हे. मेलेल्याचा डीएनएही वाढतो.

कोणताही अंतःसहजीवी चालेल, ही समजूतही सोडावी. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी, प्लेगची लस करण्याच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये पॅरामिशियमच्या केंद्रकात राहणाऱ्या होलोस्पोरा जीवाणूंचे वर्णन केले होते. त्यांतील ऑब्ट्युसा ही जाती मोठ्या केंद्रकात राहते, तर अंड्युलाटा छोट्या केंद्रकात. एका पेशीतही घर इतके निवडून घेणारा हा जीवाणू प्लॅनेरियात सहज रमेल, असे मानून सहा महिने घालवणारे मी पाहिले आहेत.

संवर्धन मरते तेव्हा दोष बहुधा जीवाणूंना दिला जातो. निफाडकडच्या एका विद्यार्थिनीचे पॅरामिशियम सलग तीनदा मेले आणि सहजीवीनेच यजमानाला मारले, असा निष्कर्ष तिने लिहूनही टाकला. पॅरामिशियम ज्यात वाढवतात त्या काढ्यासाठीचे गवत कुठले, हे विचारायला मलाही उशीरच झाला. ते द्राक्षबागेच्या बांधावरचे होते आणि बागेवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारलेले होते. त्यातील तांबे अशा आदिजीवांना फार थोड्या मात्रेतही मारक ठरते. आता मी फवारणी न झालेल्या भाताचा पेंढा इगतपुरीहून आणतो, तो उकळून घेतो आणि नव्या काढ्यात आधी निरोगी पॅरामिशियम दोन दिवस सोडून पाहतो. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी रात्रभर उघडे ठेवावे. बाटलीबंद पाण्याचा झटपट मार्ग मला पसंत नाही, कारण प्रत्येक खेपेला त्यातील क्षार बदलू शकतात.

पॅरामिशियम बर्सारिया ही जाती वापरू नये. त्यातील हिरवे शैवल लाल चमकते आणि लाल रंगाचा प्रोब वापरला असेल तर काय पाहिले हे कळेनासे होते.

गोदावरीच्या पाण्यातून पकडलेले प्लॅनेरियाही थेट वापरू नयेत, कारण त्यांच्यात आधीपासून कोणते जीवाणू आहेत हे ठाऊक नसते. एका कृमीचे तुकडे करून वाढवलेला वंश वापरावा, आणि प्रयोगापूर्वी त्यातील एक तुकडा फॉर्मलिनमध्ये राखून ठेवावा. परीक्षक पहिल्याच प्रश्नात तोच मागतात.