शाळेसाठी कॉमिक काढायचंय? जळगाव-धुळ्याकडच्या नवीन चित्रकारांसाठी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्याकडच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, दादा माझा हात चांगला आहे, चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे, कार्टूनिस्ट व्हायचंय, पुण्यामुंबईला जावंच लागेल का. तर नाही, जावंच लागतं असं काही नाही. फाइन आर्टचं शिक्षण घेता आलं तर जरूर घ्या, ॲनाटॉमी आणि पर्स्पेक्टिव्ह पक्कं होतं, पण आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता हेपण लक्षात असू द्या.

या कामात हातापेक्षा डोकं जास्त चालतं. माझी सकाळ पेपर वाचण्यात आणि लोकांचं ऐकण्यात जाते, स्टँडवर, बाजार समितीत, जिथे माणसं बोलतात तिथे. मग वहीत बारीक बारीक रफ काढायचे, त्यातला एखादाच टिकतो, तो पेन्सिलने मोठा करायचा, शाई, स्कॅन, आणि पान लागायच्या आत पेपरला मेल. दिवाळी अंकाची कामं पावसाळ्यातच हातात घ्यावी लागतात. एवढ्यावर घर चालेल असं मी कोणाला सांगणार नाही, म्हणून तिसरं एक काम धरा, शिकवणारं कॉमिक, आणि खरं सांगतो, माझा सगळ्यात जास्त जीव याच कामात आहे.

बरेच जण धडा घेतात, त्याच्या बाजूला हसरा मुलगा काढतात आणि त्याला कॉमिक म्हणतात. ती झाली सजावट. चित्र झाकलं आणि तरी सगळं समजलं, तर ते चित्र तिथे कशाला पाहिजे? शि. द. फडणीसांची बिनशब्दांची चित्रं बघा, एक अक्षर नाही आणि कळायचं काही राहत नाही. बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांनाही त्यांची चित्रं होती. हसू आणि आकडेमोड एका पानावर नांदते हे त्यांनी केव्हाच दाखवून दिलंय.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. अळी एकदम बारीक असतानाच बोंडात शिरते, भोक बुजून जातं, बाहेरून बोंड चांगलं दिसतं आणि आत सरकी खाणं चालू असतं. हे परिच्छेदात लिहिलं तर नववीतलं पोरगं पाठ करेल आणि विसरेल. पण चौकटीत मांडा, पहिलीत फुलाच्या पाकळ्या चिकटून झालेली डोमकळी, दुसरीत बाहेरून मस्त दिसणारं बोंड, तिसरीत तेच बोंड चिरलेलं, चौथीत हंगाम संपला तरी फरदडीसाठी, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस घ्यायला, उभी ठेवलेली पऱ्हाटी आणि तिच्यावर निवांत जगणारी अळी. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं ते पोरगं स्वतःच्या डोक्याने जुळवतं, आणि जे स्वतः जुळवलं ते राहतं. व्हिडिओ पुढे पळतो, कॉमिकवर पोरगं पाहिजे तितका वेळ थांबतं, मागे जातं, परत बघतं. आणि घरी जाऊन बापाला दाखवतं, हा फायदा तर मोजता येत नाही.

भाषेचं जरा सविस्तर सांगतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात पावरी नाहीतर भिली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. मी फुग्यातलं बोलणं घरच्या बोलीत ठेवतो आणि चौकटीवरची निवेदनाची ओळ पुस्तकाच्या भाषेत. पोरं फुगा वाचून हसतात आणि त्याच अर्थाची वरची ओळपण वाचून टाकतात. बोली मात्र त्याच गावच्या माणसाकडून तपासून घ्या, अंदाजाने लिहिलेली बोली मुलांना लगेच कळते आणि त्यांचा अपमान होतो.

त्याहून भारी म्हणजे मुलांकडूनच कॉमिक काढून घेणं. व्यंगचित्रकार शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेची भिंतीवरच्या कॉमिकची पद्धत आहे, चार चौकटी, दोन ए-फोर कागद जोडायचे, झेरॉक्स काढून गावात चिकटवायचं. ऊसतोडीला आईबापासोबत गुजरातला जाऊन आलेलं पोर त्या चार चौकटीत जे सांगतं ते तुम्हाला मला काढता येणार नाही.

सामानात पैसे घालू नका. साधा कागद, काळं पेन, मोबाइलचं स्कॅन ॲप, पुढे जमलं तर टॅबलेट, क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. आपल्या लिपीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, ओळी इंग्रजीसारख्या चिकटवल्या की खिचडी होते. फाइल पाठवताना टेक्स्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या रेषा करून, पाठवा, नाहीतर छापखान्यात फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं तुटतात.

आणि पैशाचं आधी बोला, लाजू नका. एका संस्थेने माझं कॉमिक दुसऱ्या तालुक्यात परत छापलं, मला कळवलंपण नाही. फ्रीलान्स कामाचा कॉपीराइट १९५७च्या कायद्याने साधारणपणे चित्रकाराचाच असतो, पण तो लिहून दिला की गेला, म्हणून सही करण्याआधी हक्क कायमचे मागतायत की एकाच आवृत्तीपुरते ते वाचा, आणि रफ मंजूर झाल्यावर अर्धे पैसे घेतल्याशिवाय शाईला हात लावू नका.