महिन्याला दीड किलो: वजनाचे गणित मी कसे बसवले

इंदूरमध्ये राहून वजन उतरवायचे, तर पोहे आणि शेव यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. शरीरातील एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे रोज 500 कॅलरींची तूट पडली, तर महिन्याला सुमारे दोन किलो, तेही कागदावर. म्हणून मी दीड किलोचेच उद्दिष्ट ठरवले.

खरा उलगडा झाला तो स्वयंपाकघरात छोटा डिजिटल वजनकाटा आणल्यावर. पोह्यांवर सहज भुरभुरलेली मूठभर शेव 30 ग्रॅम भरली, म्हणजे जवळपास 165 कॅलरी. आणि फोडणीचे तेल पळीने अंदाजे न ओतता मोठ्या चमच्याने मोजले, तेव्हा दर चमच्यामागे 120 कॅलरी निघाल्या. पोहे बंद करावे लागले नाहीत. शेव 10 ग्रॅमवर आली, जिलबी रविवारपुरती उरली.

बाकीची तूट संध्याकाळच्या झपझप चालण्यातून साधली. मात्र तासभर चालून खर्च होणाऱ्या अडीचशे-तीनशे कॅलरी सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, एखादी कचोरी सहज परत आणते, हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे.

खारट खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवते आणि काटा एका रात्रीत वर जातो, म्हणून मी रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरीच ग्राह्य धरते. सरासरी हलली नाही, तर उपास न धरता आधी तेलाचे माप पुन्हा तपासते. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.