बावन्न आठवड्यांचा हिशेब : महिला टेनिसपटूची कारकीर्द कशी आखावी

ज्युनियर गटात चमकलेली मुलगी व्यावसायिक टेनिसकडे वळते, तेव्हा घरात चर्चा होते ती तिच्या फोरहँडची, सर्व्हिसच्या वेगाची आणि प्रशिक्षक बदलावा की नाही याची. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण पहिली दोन-तीन वर्षे वाया जातात ती बहुधा कोणत्या आठवड्यात कुठे खेळायचे हे चुकल्यामुळे. म्हणून आखणीची सुरुवात वेळापत्रकापासून करावी.

आधी क्रमवारीचे गणित नीट समजून घ्यावे. महिला टेनिस संघटनेची, म्हणजे डब्ल्यूटीएची स्थापना 1973 मध्ये झाली आणि 1975 पासून तिची क्रमवारी संगणकावर तयार होऊ लागली. मागच्या 52 आठवड्यांत मिळवलेले गुण हाच या क्रमवारीचा पाया आहे. 2024 पासूनच्या नियमानुसार एकेरीत एरवी जास्तीत जास्त 18 स्पर्धांचे निकाल धरले जातात. आज मिळालेले गुण पुढच्या वर्षी त्याच सुमारास खात्यातून वजा होतात आणि त्या जागी नवे गुण आले नाहीत, तर क्रमांक घसरतो. एमा रादुकानूने 2021 ची अमेरिकन ओपन पात्रता फेरीतून येऊन, एकही सेट न गमावता जिंकली. पुढच्या वर्षी तिथेच ती पहिल्या फेरीत हरली आणि अकराव्या क्रमांकावरून थेट 83 व्या क्रमांकावर गेली. एवढी मोठी घसरण एका पराभवामुळे झाली असे दिसते, पण खरे कारण वर्षभरापूर्वीचे 2000 हून अधिक गुण एकाच दिवशी गळून पडले हे होते.

यासाठी एक साधी वही करावी. डाव्या बाजूला आठवडा आणि स्पर्धा, मध्ये मिळालेले गुण आणि उजव्या बाजूला ते गुण कधी गळणार ती तारीख लिहावी. पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या महिन्यात मोठे गुण जाणार आहेत, हे या उजव्या रकान्यावरून कळते, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यांत जास्त स्पर्धा कुठे घ्यायच्या हेही ठरवता येते.

सुरुवात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांपासून होते. त्यासाठी महासंघाकडे नोंदणी करून आयपिन, म्हणजे खेळाडूचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. या स्पर्धा डब्ल्यू 15, डब्ल्यू 35, डब्ल्यू 50, डब्ल्यू 75 आणि डब्ल्यू 100 अशा पायऱ्यांच्या असून नावातला आकडा म्हणजेच विजेतीला मिळणारे गुण. एकेरीच्या क्रमवारीत नाव येण्यासाठी किमान तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण किमान 10 गुण व्हावे लागतात. 32 जणींच्या डब्ल्यू 15 स्पर्धेत पाच सामने जिंकून 15 गुण मिळतात, तर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूच्या खात्यात 10 गुण जमा होतात. उतरंड ही अशी आहे, आणि खालच्या पायरीवर किती काळ थांबायचे हा या मार्गातला सर्वांत अवघड निर्णय आहे.

माझे मत असे आहे की ज्या पायरीवर खेळाडू सातत्याने उपांत्य फेरी गाठू लागते, त्या पायरीवर आणखी वर्षभर रेंगाळू नये. मात्र जिथे ती दर आठवड्याला पहिल्या फेरीत हरते आहे, तिथे केवळ नाव मोठे म्हणून जाऊ नये. आयोजकांनी वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता थेट प्रवेश, देऊ केले की पालक हुरळून जातात. एखादे जरूर घ्यावे. पण एकीला वाइल्ड कार्डवर मोठ्या स्पर्धेत एक सामना मिळतो आणि त्याच आठवड्यात दुसरी लहान स्पर्धेत पाच सामने खेळते, तेव्हा वर्षअखेरीस दुसरीचा खेळ अधिक पक्का झालेला असतो. एकाच ठिकाणी लागोपाठ दोन-तीन आठवडे स्पर्धा असतील, तर त्यांना प्राधान्य द्यावे. प्रवासखर्च वाचतो, शिवाय कोर्टाचा आणि हवेचा अंदाज एकदा आला की पुढच्या आठवड्यात त्याचा फायदा होतो. क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवरून टणक पृष्ठभागाच्या हार्ड कोर्टवर आणि पुन्हा क्लेवर, अशा उड्या टाळाव्यात.

प्रवेशाच्या तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत 128 जागा असतात. त्यांपैकी 104 क्रमवारीनुसार, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डने भरल्या जातात. प्रवेशासाठी सुमारे सहा आठवडे आधीची क्रमवारी धरली जाते. त्यामुळे आधीच्या आठवड्यात कितीही चांगला खेळ झाला, तरी प्रवेशयादीच्या दृष्टीने तो उशिराचा ठरतो.

वयाची अटही आहे. जेनिफर कॅप्रियातीने 1990 मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक पदार्पण केले आणि पहिल्याच स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. पुढे तिची जी ओढाताण झाली, तिच्या पार्श्वभूमीवर नियम कडक झाले. आता चौदा वर्षांखालील मुलीला या स्पर्धा खेळता येत नाहीत आणि अठरा पूर्ण होईपर्यंत वयानुसार स्पर्धांची संख्या मर्यादित असते. मर्यादा असल्यामुळे प्रत्येक स्पर्धा जपून निवडावी.

पैशांचा हिशेब करताना स्पर्धेच्या जाहिरातीतली रक्कम पाहू नये, कारण ती सर्व खेळाडूंत वाटली जाते आणि हाती येण्याआधी यजमान देशाचा करही सहसा कापला जातो. प्रवास आणि प्रशिक्षक हे मोठे खर्च सर्वांना ठाऊक असतात. स्ट्रिंगचा खर्च मात्र विसरला जातो. पॉलिएस्टरची स्ट्रिंग तुटली नाही तरी ताण सोडते, म्हणून सामन्यागणिक नव्याने ताणलेल्या रॅकेट लागतात. पहिल्या सात आणि त्यानंतर दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात. ते जास्त वेगाने सुटतात, त्यामुळे अनेक खेळाडू नेमक्या त्याच वेळी पिशवीतून ताजी रॅकेट काढतात.

दुहेरीला दुय्यम समजू नये. त्यात आठवड्याचा खर्च काही अंशी भरून निघतो आणि नेटजवळचा खेळ सुधारतो. सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 व्या क्रमांकावर होती. मनगटाच्या दुखापतींनंतर तिने एकेरी सोडली आणि 2015 मध्ये दुहेरीत अव्वल क्रमांक मिळवला.

उत्तेजकविरोधी नियम हे फक्त बड्या खेळाडूंचे प्रकरण नाही. मारिया शारापोव्हा वर्षानुवर्षे घेत असलेले मेल्डोनियम हे औषध 1 जानेवारी 2016 पासून बंदी यादीत आले. त्याच महिन्यात ती चाचणीत सापडली आणि अखेर 15 महिने बाहेर राहिली. यादी दर वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टरांबरोबर बसून वाचावी. प्रत्येक औषधाची पावती, बॅच क्रमांक आणि शक्य तर काही गोळ्या जपून ठेवाव्यात. इगा श्वियाँतेकच्या 2024 मधील प्रकरणात तिचे झोपेचे औषधच दूषित होते हे सिद्ध झाल्यामुळे बंदी एका महिन्यावर निभावली. नोंदणीकृत चाचणी गटात, म्हणजे कधीही चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव आले की दररोज एका तासासाठी आपण कुठे असू हे कळवावे लागते, आणि बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर तोही नियमभंगच ठरतो.

दुखापत किंवा बाळंतपणामुळे दीर्घ काळ थांबावे लागले, तर विशेष क्रमवारीसाठी, म्हणजे थांबण्यापूर्वीचा क्रमांक प्रवेशापुरता वापरण्याच्या सवलतीसाठी, वेळेत अर्ज करावा. 2018 च्या अखेरीस बदललेल्या नियमांनुसार मूल झाल्यानंतर तीन वर्षांपर्यंत ती वापरता येते. तिच्या आधारे ठरावीक संख्येच्याच स्पर्धांत प्रवेश मिळतो, म्हणून पुनरागमनाच्या पहिल्याच महिन्यात ती खर्च करू नये. आधी लहान स्पर्धांत प्रत्यक्ष क्रमवारीवर किंवा पात्रता फेरीतून खेळून सामन्यांची सवय परत आणावी, आणि सलग तीन-चार सामने शरीराने तक्रार न करता झेलले, की मगच त्या राखीव जागा मोठ्या स्पर्धांसाठी वापराव्यात.