गुहागरची तयारी: आधी पंचांग, मग पिशवी

गुहागरला जायचं ठरलं की आधी राहण्याच्या जागांचे फोटो बघायला घेतले जातात. माझा आग्रह आहे की त्याआधी पंचांग उघडा. तिथे दिवस कसा जाणार हे समुद्र ठरवतो, आणि त्याच्या वेळा तिथीवरून कळतात. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता हे तारखांना लावून बघा. अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ भरती असते आणि ओहोटी नेमकी भर उन्हात दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला उलटं: भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि उजाडताना व मावळताना ओहोटी. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि चालायला घट्ट, ओली वाळू मोकळी मिळते. गुहागरचा किनारा सलग सहा किलोमीटरच्या आसपास आहे, कडेने सुरूचं बन. ज्यांना चालायचंच आहे त्यांनी पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या मागचेपुढचे दिवस धरावेत. हेदवीची बामणघळही याच दिवसांत बघावी. कातळातल्या त्या अरुंद घळीत भरतीचं पाणी घुसून वर उसळतं, आणि उधाणाला त्याचा जोर काही वेगळाच असतो. तिथे कातळ निसरडा असतो, म्हणून मुलांचा हात धरूनच उभं राहायचं, कडेला तर नाहीच.

महिना कोणता, हे तुम्हाला काय हवं आहे त्यावर. शांतता हवी असेल तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते जानेवारी अखेर, मात्र नाताळचा आठवडा वगळून. ओल्या काजूगरांची उसळ खायची असेल तर फेब्रुवारी-मार्च. हापूस हवा असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे, पण तेव्हा उकाडा आणि गर्दी दोन्ही धरून चाला. गणपती आणि शिमग्यात चाकरमानी घरी येतात, गाड्या भरलेल्या असतात, आणि ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार ती माणसं स्वतःच पालखीच्या आणि पाहुण्यांच्या गडबडीत असतात. त्या दिवसांत जायचं तर आधी मोकळेपणाने विचारावं. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मासे खाणाऱ्यांनी त्या आशेवर जाऊ नये. पावसाळ्यात समुद्रात उतरणं तर पूर्ण वर्ज्य.

माझ्या मनातला सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढचा, कारण तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर येतात. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, ती सुरक्षित जागी हलवतात, आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून ती इथे आली, हे समजल्यावर त्या वाळूवर पाय ठेवताना मन वेगळं होतं. पिल्लं कधी सोडणार हे आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी किंवा वनखात्याच्या कर्मचाऱ्यांकडे विचारून ठेवा. ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडतात. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, पिल्लाला हात नाही, आणि किनाऱ्यावर गाडी घालायची तर अजिबात नाही. मुलांना हे घरीच समजावून ठेवा, तिथे गेल्यावर उत्साहात कुणी ऐकत नाही.

तारखा ठरल्या की तिकीट. जवळचं मोठं स्थानक चिपळूण, तिथून गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा. वंदे भारत खेडला थांबते, चिपळूणला नाही, एवढं ध्यानात असू द्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. चिपळूणहून पुढे एसटी सोयीची आहे. महिलांना अर्धं तिकीट आहेच, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, फक्त आजी-आजोबांचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा. पुण्याहून गाडीने येणारे कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरतात. घाट लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी, आलेपाक आणि गोळी, तिन्ही घ्या. घाट दिवसाउजेडी उतरता येईल अशा बेताने निघा.

राहायला घरगुती सोय बघा. वाडीतलं घर, मागे नारळी-पोफळी आणि त्यापलीकडे समुद्र, हे गुहागरचं खरं वैभव आहे आणि ते तिथे राहूनच कळतं. फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारायच्या: जेवण शाकाहारी की मासेही मिळतील (बऱ्याच घरांत फक्त शाकाहारीच असतं), खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. किती माणसं जेवणार हे आदल्या दिवशी कळवावं. उकडीचे मोदक हवेत तर तेही आधीच सांगावं, ऐनवेळी मागून त्या घरच्या वहिनींची धांदल करू नये. जेवायच्या वेळा त्यांच्या घराच्या, आपल्या नव्हेत. आमसुलाचं सार, कुळथाचं पिठलं, सकाळी घावणे, हे ताटात गरम येतं तेव्हा तुम्ही पाटावर हजर हवं.

पिशवी लहान भरा. सुती, लवकर वाळणारे कपडे, कारण दमट हवेत जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. चामड्याच्या चपला घरी ठेवा, रबरी घ्या. टोपी, छत्री, डासांचं मलम, नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, आणि एक चांगला टॉर्च. तो वीज जाण्यासाठी आहेच, पण रात्री वाडीतून चालताना पालापाचोळ्यात विंचूकाटा असू शकतो म्हणून जास्त. थोडी रोख रक्कम, कारण रेंज नसली की मोबाइलने पैसे जात नाहीत. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी, किनाऱ्यावर नेलेलं वेष्टन परत आणायला.

फिरण्याची यादी मुद्दाम आखूड ठेवा. व्याडेश्वर आणि दुर्गादेवी गावातच, पायी. एक दिवस वेळणेश्वर आणि हेदवीचा दशभुजा गणपती, भरती बघून. एक संध्याकाळ अंजनवेलचा गोपाळगड. दापोलीकडून येणार असाल तर दाभोळ-धोपावे, आणि गणपतीपुळ्याकडे जाणार असाल तर तवसाळ-जयगड, या फेरीबोटींत गाडीसकट जाता येतं आणि मोठा वळसा वाचतो. शेवटची बोट किती वाजता हे मात्र त्याच दिवशी विचारून घ्या. पोहायला उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

येताना जागा लागेल. आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ, सुपारी. आगळासाठी घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली घरूनच न्या आणि ती कपड्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. परतीच्या गाडीच्या वेळेआधी चिपळूणला पोचवणारी एसटी कोणती, हे गुहागरच्या स्थानकावर पहिल्याच दिवशी बघून ठेवा, आणि तिच्या आधीची एक पकडा.